घरच्या हँडीकॅमवर सिनेमा : काय दाखवायचं नाही, ते आधी ठरवा

बीड जिल्ह्यातल्या वडवणीसारख्या तालुक्याच्या गावात लघुपट करायचा म्हटलं की पहिली अडचण कॅमेऱ्याची निघते. लग्नाच्या शूटिंगसाठी कधीकाळी घेतलेला हँडीकॅम कुणाच्या तरी कपाटात पडून असतो. तो मागून आणला जातो, मित्र जमतात, दोन दिवस शूटिंग होतं आणि काम पडद्यावर पाहिल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरतात. गोष्ट चांगली, कामंही बरी, पण चित्र साखरपुड्याच्या सीडीसारखं दिसतं. मग कॅमेरा हलका होता, पुण्याहून भारी कॅमेरा भाड्याने आणायला हवा होता, असा निष्कर्ष निघतो. तेवढे पैसे कधीच जमत नाहीत आणि पुढचा लघुपट होतच नाही. हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. सिनेमासारखं दिसणं हे कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा निवडीवर जास्त अवलंबून असतं. हँडीकॅम समोरचं सगळं दाखवतो. सिनेमा निवडून दाखवतो आणि उरलेलं झाकतो. म्हणून निवडीचे जे निर्णय हँडीकॅम आपल्या नकळत घेत असतो, ते एकेक करून त्याच्याकडून काढून घेणं, हाच सिनेमाच्या रूपाकडे जाणारा सगळ्यात स्वस्त रस्ता आहे.

हँडीकॅम कशासाठी बनला ते आधी लक्षात घेऊ. घरातल्या कुणीही बटण दाबावं आणि मुलाचा वाढदिवस नीट उतरावा, हा त्याचा हेतू. त्यामुळे अंधार दिसला की तो उजेड वाढवतो, जवळचं-लांबचं सगळं सारखंच स्पष्ट ठेवतो, संध्याकाळचा पिवळेपणा पुसून पांढऱ्याला पांढरं करतो आणि शांतता झाली की आवाज वर चढवतो. वाढदिवसाला हे सगळं योग्यच आहे. पण गोष्टीत अंधाराला, अंतराला, पिवळ्या उजेडाला आणि शांततेला अर्थ असतो. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी सहकाऱ्यांसह कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला. १९२५ च्या त्यांच्या ‘सावकारी पाश’मध्ये सावकारामुळे जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची गोष्ट होती; तो शेतकरी तरुण व्ही. शांताराम यांनी उभा केला होता. पुढे चित्रपट निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी पेंटर यांच्याच ‘सावकारी पाश’च्या बोलपट आवृत्तीची आठवण सांगितली, तेव्हा त्यांच्या मनात राहिलेलं चित्र होतं मंद उजेडात टिपलेल्या एका उदास झोपडीचं आणि तिथे रडणाऱ्या कुत्र्याचं. झोपडी पूर्ण उजळून दाखवली असती तर ती फक्त झोपडी राहिली असती. तिच्यातला बराचसा भाग अंधारात ठेवल्यामुळे कर्ज दिसलं.

हलक्या कॅमेऱ्याने मोठं काम झाल्याची अलीकडची उदाहरणंही आहेत. डेन्मार्कच्या थॉमस विंटरबर्ग यांचा १९९८ चा ‘फेस्टेन’ हातात मावणाऱ्या सोनीच्या घरगुती कॅमेऱ्यावर चित्रित झाला आणि कान महोत्सवात त्याला ज्युरी पुरस्कार मिळाला. डॅनी बॉयल यांच्या २००२ च्या ‘ट्वेंटीएट डेज लेटर’चा बहुतेक भाग कॅननच्या एक्सएल-वन या मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर झाला, आजच्या साध्या फोनपेक्षाही त्याचं चित्र कमी रेषांचं होतं. आपल्याजवळ मालेगावात नासिर शेख आणि त्यांच्या सोबत्यांनी लग्नाच्या व्हिडिओच्या साधनांवर ‘मालेगाव के शोले’ केला. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात या मंडळींनी सायकलीची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन कशी केली ते पाहायला मिळतं. यावर कुणी म्हणेल की ‘फेस्टेन’मध्ये तर कॅमेरा हातात हलतो, उजेड आहे तसा घेतलेला आहे, मग नियम कशाला पाळायचे? पण तो हलता कॅमेरा अपघात नव्हता. ज्या डॉग्मा चळवळीतून तो चित्रपट आला, तिने हातातला कॅमेरा आणि असेल तो उजेड हे बंधन आधी लिहून स्वीकारलं होतं, आणि मेजवानीत फाटत जाणाऱ्या कुटुंबाच्या गोष्टीला ते शोभलं. ठरवून हलवलेला कॅमेरा आणि ठरवलंच नाही म्हणून हललेला कॅमेरा, हा फरक प्रेक्षकाला सांगावा लागत नाही.

पुढचं सगळं एका प्रसंगाच्या आधाराने पाहू. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी एक बाई घरात सामान बांधते आहे. तिची लेक आजीजवळ मागे राहणार आहे. संवाद दोन-तीनच. आता पहिला निर्णय कॅमेऱ्याचा नाही, सूर्याचा आहे. वडवणी साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर भर दुपारी सूर्य जवळजवळ नेमका डोक्यावर येतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, कपाळ आणि नाक चकाकतं, आणि कोणताही चेहरा दमलेला दिसतो. डिसेंबरच्या अखेरीस हाच सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून ४७-४८ अंशांच्या वर चढत नाही, म्हणून उजेड बाजूने येतो आणि चेहऱ्याला उंची-खोली मिळते. म्हणजे बाहेरचे प्रसंग कार्तिक ते माघ या काळात, सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर घेतले तर महागडे दिवे जे करतात त्यातलं अर्धं काम फुकट होतं. उन्हाळ्यातच शूटिंग करणं भाग असेल तर दुपार लिंबाच्या सावलीत, ओसरीत किंवा घरात घालवा. उघड्या रानातला दुपारचा प्रसंग गोष्टीला खरोखर उन्हाचा कहर हवा असेल तेव्हाच ठेवा.

घरातल्या उजेडाबाबत मराठवाड्याइतकी श्रीमंती फार ठिकाणी नसेल. माळवदाच्या घरात छताला उजेडासाठी ठेवलेलं सवणं, एकच बुटकं दार आणि जाड मातीच्या भिंती असतात. आत येणारा उजेड एकाच दिशेने येतो आणि पुढे अंधारात विरतो. स्टुडिओत नेमकं हेच घडवण्यासाठी काळे कापडी पडदे टांगतात. आपल्याकडे मात्र शूटिंगच्या दिवशी पहिलं काम म्हणून ट्यूब लावली जाते आणि ती श्रीमंती घालवली जाते. ट्यूब बंद करा. बाईला दारापासून हातभर आत, दाराला बाजू करून बसवा आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला ठेवा. उजेडाच्या बाजूने घेतलेला चेहरा सपाट दिसतो. अंधाराच्या बाजूने घेतला की नाक, गाल, कपाळ एकमेकांपासून सुटून उभे राहतात. अंधारी बाजू फारच काळी पडली तर फ्रेमच्या बाहेर पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तुकडा धरून थोडा उजेड परतवा. उजेड जास्त पसरला तर दारावर घोंगडी अर्धी सोडा. उजेड आणण्याइतकंच तो अडवणंही महत्त्वाचं आहे, आणि अडवायला पैसे लागत नाहीत.

आता कॅमेऱ्याच्या मेन्यूकडे वळू. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस हे तिन्ही ऑटोवरून काढून हाताने पक्के करा. हँडीकॅमच्या अगदी साध्या मॉडेलमध्येही एक्स्पोजर थांबवून धरण्याची सोय बहुधा असते. ती मेन्यूत दडलेली असते, एवढंच. हे का करायचं? बाई अंगणातून घरात आली की ऑटो एक्स्पोजर दोन सेकंदांत अख्खं घर उजळून टाकतं, आणि उजेडाचं ते वर-खाली होणं प्रेक्षकाला लग्नाच्या व्हिडिओची आठवण करून देतं. एक्स्पोजर पक्कं असेल तर ती अंधारात शिरताना खरोखर अंधारात शिरेल. मोजमाप नेहमी उजळ भागावरून घ्या. कॅमेऱ्यात अति उजळ भागावर झेब्रा पट्टे दाखवायची सोय असेल तर ती चालू करा आणि चेहऱ्यावर, पांढऱ्या धोतरावर किंवा आभाळावर पट्टे दिसू लागले की उजेड एक पायरी कमी करा. व्हाइट बॅलन्सचंही तसंच. सूर्यप्रकाशाचं तापमान साधारण ५६०० केल्विन मानतात, जुन्या तारेच्या बल्बचं २८०० च्या आसपास. दिवसाच्या प्रसंगाला सूर्याचं चिन्ह निवडून तेच ठेवलं, तर संध्याकाळचं ऊन पिवळं आणि घरातला बल्ब नारिंगी राहील, जसा तो डोळ्याला वाटतो. ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा ती संध्याकाळ दुरुस्त करत बसेल.

हालचाल कशी दिसते हा यापुढचा निर्णय, आणि व्हिडिओ व सिनेमा यांतला सगळ्यात ठळक फरक इथेच आहे. बोलपट आल्यावर, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, सेकंदाला २४ चित्रं ही गती सिनेमात स्थिरावली, आणि तीन-चार पिढ्यांचा डोळा त्या किंचित थबकत्या चालीला सिनेमा म्हणून ओळखतो. हँडीकॅम मात्र बहुधा ५०आय या पद्धतीने सेकंदाला ५० वेळा हालचाल टिपतो, म्हणून ती बातम्यांसारखी गुळगुळीत दिसते. मेन्यूत २५पी, म्हणजे सेकंदाला २५ पूर्ण चित्रं, असेल तर ते घ्या. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्याने २४ पेक्षा २५ सोयीचं, कारण त्याला जोडीने येणारा १/५० सेकंदाचा शटर विजेच्या दिव्यांच्या ठेक्याशी जुळतो आणि चित्र फडफडत नाही. फक्त ५०पी असेल तरी अडत नाही: शटर १/५० वर ठेवा आणि एडिटिंगला २५ ची टाइमलाइन घेऊन एकाआड एक चित्र सोडा; हालचाल अगदी २५पी वर घेतल्यासारखी मिळते. निव्वळ ५०आय असेल तर डीइंटरलेस करून २५ वर आणा; बारीक तपशील थोडा जाईल, पण चाल सुधारेल. उन्हात शटर १/५० वर धरला की चित्र पांढरं फटक पडतं. तेव्हा लेन्सवर बसणारी काळसर एनडी काच लावायची. लेन्सच्या कडेवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला व्यास पाहून त्याच मापाची घ्या. काच नसेल तर सावली शोधा.

इथे सगळ्यात मोठा आक्षेप येतो. चेहरा स्पष्ट आणि मागचं सगळं धूसर, हेच तर सिनेमाचं रूप. ते हँडीकॅमला कसं जमणार? अडचण खरी आहे. ३५ मिलिमीटर फिल्मवरचं चित्र सुमारे २२ मिलिमीटर रुंद असतं, तर साध्या हँडीकॅमचा सेन्सर जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटर. सेन्सर जितका लहान, तितकं मागचं-पुढचं सगळं स्पष्ट. थोडा उपाय आहे: कॅमेरा दहा-बारा पावलं मागे न्या, ऑप्टिकल झूम पुढे ओढा आणि पात्राला भिंतीपासून दूर, मागे लांबवर रान पसरलेलं असेल अशा जागी उभं करा. डिजिटल झूम मात्र मेन्यूतून कायमचा बंद करा. पण मुळात धूसरपणा म्हणजे सिनेमा, हे गृहीतकच तपासायला हवं. १९४१ च्या ‘सिटिझन केन’मध्ये छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांनी जवळच्यापासून लांबपर्यंत सगळं स्पष्ट ठेवलं आणि त्याच गोष्टीसाठी तो चित्रपट आजही अभ्यासला जातो. चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ च्या ‘कोर्ट’मध्ये बराचसा चित्रपट स्थिर, लांबून घेतलेल्या रुंद शॉटमध्ये घडतो. धूसरपणा हा नजर एका ठिकाणी नेण्याचा एक मार्ग आहे. दाराची चौकट, सवण्यातून पडलेला उजेडाचा कवडसा, पुढे अंधारात बसलेली आजी आणि मागे उजेडात सामान बांधणारी सून, हे दुसरे मार्ग आहेत. सगळं स्पष्ट दिसणारच असेल तर फ्रेममधून नको असलेलं उचलून बाहेर ठेवा. प्लास्टिकची लाल बादली, भिंतीवरचं चकचकीत कॅलेंडर आणि कुणाची तरी मोटारसायकल हलवली की निम्मा फरक पडतो.

कॅमेरा कुठे आणि कसा ठेवायचा, यात सवयीचं ओझं फार असतं. लग्नात शूटिंगवाला उभा असतो, म्हणून सगळं जग उभ्या माणसाच्या डोळ्यांतून उतरतं. पण चुलीपाशी बसलेल्या बाईकडे वरून पाहिलं की ती लहान आणि दीनवाणी दिसते. तिच्या डोळ्यांच्या उंचीला कॅमेरा उतरवा. स्टँड तेवढा खाली येत नसेल तर पाट किंवा धान्याचं अर्धं भरलेलं पोतं चालेल. पोत्यावर कॅमेरा दाबून बसवला की तो दगडासारखा स्थिर राहतो. स्टँडवर असताना चित्र स्थिर करणारी स्टेडीशॉटची सोय बंद करा, नाहीतर कॅमेरा वळवून थांबवताना चित्र सरकत राहतं. शॉट चालू असताना झूम करू नका. जवळ जायचं असेल तर शॉट थांबवून कॅमेरा उचला आणि जवळ न्या. सरकता शॉट हवाच असेल तर मालेगावची सायकल आठवा, पण एका लघुपटात असा शॉट एकदा किंवा दोनदाच ठेवा. ज्या क्षणी टोळीचा ट्रॅक्टर निघतो आणि मुलगी मागे राहते, त्या क्षणासाठी तो राखून ठेवला तर प्रेक्षकाला तो जाणवेल.

रूपाबद्दल बोलताना आवाजाबद्दल बोलणं अनेकांना विषयांतर वाटतं. प्रत्यक्षात खराब आवाज चित्रालाही हलकं करतो. दूरवरून घुमत येणारा संवाद ऐकला की प्रेक्षक चित्राला घरगुती ठरवून मोकळा होतो. भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ला ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मिळाला, उघड्या माळावरच्या मेंढपाळांच्या या गोष्टीत वारा आणि मेंढ्यांचे आवाज चित्राइतकेच बोलतात. हँडीकॅमचा स्वतःचा माइक कॅमेऱ्यापाशी असतो आणि पात्र चार पावलं दूर, म्हणून तो फक्त जुळवणीपुरता वापरा. साधा कॉलर माइक फोनला जोडून फोन पात्राच्या खिशात किंवा पदराआड ठेवा, शॉटच्या सुरुवातीला टाळी वाजवा आणि एडिटिंगला त्या टाळीवर दोन्ही आवाज जुळवा. वाऱ्यासाठी माइकवर लोकरीचा तुकडा गुंडाळा. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प करून एक मिनिट नुसती शांतता टिपा. संवादांच्या मधल्या फटी याच शांततेने भरायच्या असतात.

आणखी दोन आक्षेपांना उत्तर द्यायला हवं. पहिला असा की हे सगळं एडिटिंगला करता येतं. रंग बदलता येतात, काळ्या पट्ट्या टाकता येतात. थोडं येतं. पण हँडीकॅम प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ छटा नोंदवतो आणि त्याही दाबून साठवतो. एकदा पांढरं फटक झालेलं आभाळ परत आणता येत नाही, कारण तिथे काही नोंदवलेलंच नसतं; आणि अंधारात कॅमेऱ्याने गेन वाढवून आणलेली रवाळ खरखर रंगांनी झाकली जात नाही. एडिटिंगला सावल्या थोड्या गडद करा, रंग थोडे उतरवा आणि तिथेच थांबा. काळ्या पट्ट्या नंतर टाकल्या तर माणसांची डोकी कापली जातात. हव्या असतील तर शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्याच्या पडद्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून त्या मापानेच फ्रेम लावा. दुसरा आक्षेप असा की आजचा फोन हँडीकॅमपेक्षा चांगला आहे. अनेक बाबतींत आहेच, आणि तुमच्याकडे तो असेल तर तोच घ्या. पण फोन चित्रावर आणखी जास्त निर्णय स्वतः लादतो: कडा धारदार करतो, सावल्या उजळतो, चेहरे गुळगुळीत करतो. म्हणजे ऑटो बंद करण्याची गरज तिथेही तीच राहते. उलट हँडीकॅमकडे खरा ऑप्टिकल झूम आणि स्टँडची खाच असते, आणि मध्येच कुणाचा फोन येत नाही.

सुरुवात एका संध्याकाळपासून करा. आदल्या दिवशी त्याच वेळी त्याच घरात जाऊन बसा आणि उजेड किती वाजता कुठून कुठे सरकतो ते वहीत लिहा. मग तीनच शॉट ठरवा. पहिला उंबऱ्याबाहेरून, दाराच्या चौकटीत सामान बांधणारी आई. दुसरा पोत्यावरून, बसलेल्या मुलीच्या डोळ्यांच्या उंचीने, फक्त तिचा चेहरा. तिसरा दिवेलागणीचा: सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटं आभाळ निळसर असतं, तेव्हा आत एकच पिवळसर बल्ब लावा आणि अंगणातून घर घ्या. निळं आभाळ, काळी भिंत आणि दारातला पिवळा चौकोन हे चित्र हँडीकॅमलाही जमतं, कारण त्यात दाखवायचं फार थोडं आहे. प्रत्येक शॉटच्या आधी एकच प्रश्न विचारा: या चित्रात प्रेक्षकाने काय पाहू नये? आईचा चेहरा तिसऱ्या शॉटमध्ये दिसणार नाही. ती दारातल्या उजेडात पाठमोरी उभी असेल, हातात गाठोडं असेल आणि मुलगी अंधारात कुठेतरी. ऊसतोडीसाठी आगाऊ उचल किती घेतली, किती फिटली, हे कुणी बोलणारही नाही. पण वडवणीच्या शाळेच्या भिंतीवर हा लघुपट दाखवाल तेव्हा समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी त्या दारातून कुणाला तरी जाताना पाहिलेलं असेल, आणि तुम्ही अंधारात ठेवलेला चेहरा ते स्वतः भरतील.